न मरणारे मासे

मार्च लागला की रायपुरात दुपारची एक वेगळीच गुंगी उतरते. सकाळी अंगावर पांघरूण हवं असतं, अकराला ऊन चढतं, आणि दोनच्या सुमाराला चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा गाड्यांखाली अंग टाकून देतात. कडुनिंबाचा मोहोर बारीक पांढरा भुसा होऊन गॅलरीत पडत राहतो. पंखा किती वेगाने लावावा ते ठरत नाही. अशा वेळी घरात कुणी मोठ्याने पाठांतर करत असलं की मला हटकून पाण्याचा वास येतो. शेवाळलेल्या पायरीचा, उन्हाने कोमट झालेल्या तळ्याचा. डोळे मिटले तर मी थेट बारावीच्या वर्षात जाऊन पडते, आणि खरं सांगायचं तर परत यायला मी फार घाई करत नाही.

यंदा पाठांतर करते आहे माझी मुलगी रेवा. तिची दहावी. ती आरशांचे आणि भिंगांचे नियम म्हणत या खोलीतून त्या खोलीत फिरते, आणि दिवाणावर पाय लांब करून बसलेली माझी आई तिच्याकडे मान वळवत वळवत पाहते. आईने सत्तरी ओलांडली आहे. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे असते. गुडघे दोन्ही गेलेत, कान शाबूत आहेत, आणि काळजी करण्याची ताकद तर पूर्वीपेक्षा वाढलीच आहे.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, "येत्या शनिवारपासून सुरू करा लागते."

"काय?"

"मासे. पोट्टीची दहावी हाये. तुह्या वेळी सोडले होते ना, तसेच सोडाचे."

रेवा येरझारा थांबवून म्हणाली, "आजी, कौन सी मछली?" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

आई हसली. दात नसलेल्या बाजूने हसली की ती फार खट्याळ दिसते. "मिशावाली," ती म्हणाली. जी गोष्ट आईला सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आले होते, ती आता शनिवारपर्यंत सांगणं भाग होतं.

बारावीला असताना आम्ही ब्राह्मणपारात राहायचो, एका कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते. त्या वर्षी माझं फिजिक्स असं बिघडलं होतं की पुस्तक उघडलं तरी मला घाम फुटायचा. सहामाहीचा पेपर पाहून आईने हातपाय गाळले. पारातल्या एका पंडितजींनी पत्रिका पाहिली, शनी कुठल्या घरात बसलाय ते सांगितलं, आणि उपाय दिला: सात शनिवार जिवंत मासा विकत घ्यायचा आणि तळ्यात सोडायचा. कापला जाणारा जीव वाचवायचा, म्हणजे मुलीचं वर्ष वाचेल. हा उपाय आमच्या भागात पुष्कळ जण करत. बाबा म्हणाले, "मासा का फिजिक्सचा पेपर लिहिणार हाये?" आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पेपरात तोंड घालून बसले.

आता, आमचं घर असं की अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. मासळीबाजारावरून जायची वेळ आली तर आई पदर नाकाला लावून, डोळे जमिनीवर ठेवून, जवळपास पळत सुटायची. मासा म्हणजे मासा, त्यात पुन्हा जाती असतात हे तिच्या गावीही नव्हतं. त्या बाईने एका शनिवारी धुतलेला स्टीलचा डबा घेतला, मला बरोबर घेतलं आणि मासळीबाजारात शिरली. तिच्या हाताची माझ्या मनगटावरची पकड मला अजून आठवते.

पहिल्या शनिवारी तिने रोहू घेतला. चमकदार, रुपेरी, बोटभर गुलाबी पंखांचा. डब्यात पाणी होतं, पण रिक्षा तळ्यापर्यंत पोचेस्तोवर तो आडवा झाला होता. आईने तरी त्याला पाण्यात सोडलं, दोनदा हाताने पाणी ढवळलं. तो पोट वर करून तरंगत पायरीला येऊन लागला. आई पायरीवर बसली आणि रडायला लागली. "वाचवाले गेलो अन् मारून आलो," ती म्हणत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि मला फिजिक्स अगदी क्षुल्लक वाटत होतं.

म्हणून पुढच्या शनिवारी तिने मासेवाल्याला स्पष्टच सांगितलं, "भैया, जो मरती नहीं, वो दो."

तो हसला. निळ्या टबात हात घालून त्याने एक काळा, चपट्या डोक्याचा, बिनखवल्यांचा मासा वर काढला. तोंडाभोवती लांब मिशा. तो त्याच्या मुठीत पिळवटत होता, तोंडाची उघडझाप करत होता, पण मरायचं नाव नव्हतं. "ये ले जाओ माताजी. इसको पानी भी नहीं चाहिए. दिनभर बाहर रखो, तब भी नहीं मरती."

आईने पदराआडून निरखलं. "आपल्या मोठ्या आजोबाईसारखा दिसते नाई?" ती माझ्या कानात म्हणाली. मग थांबली. "एकटा कसा सोडाचा? तिथं त्याचं कोण हाये? जोडीनं द्या भैया." तेव्हापासून जोडीनेच. पहिला मेलेला तिने मोजला नाही. सात शनिवार, सात जोड्या.

डबा माझ्या मांडीवर असायचा. रिक्षा हलली की आतून झाकणावर धडका बसायच्या, आणि मी डोळे मिटून भिंगाचं सूत्र घोकत असायचे. डब्यातला तो जोर मांडीवरून थेट पोटात उतरायचा. भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं. एवढा जीव ज्यात आहे त्याच्यातला थोडा माझ्या पेपरात उतरेल, असं मला वाटू लागलं होतं, हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

तळं पुरानी बस्तीच्या मागे होतं. त्याला नाव होतं, पण सगळे नुसतं तरिया म्हणत. छत्तीसगडीत तळ्याला तरियाच म्हणतात. तीन बाजूंना वस्ती, चौथ्या बाजूला चिंचेची दोन झाडं. मार्चमध्ये पाणी उतरायला लागलेलं असे, आणि एरवी बुडालेल्या दोन-तीन पायऱ्या हिरव्या शेवाळासकट उघड्या पडत. मासे सोडून झाले की आई ओल्या हातांनी नमस्कार करी आणि मी पाय पाण्यात सोडून बसे. मग ते यायचे. नखाएवढे, काचेसारखे, अंगावर एक काळा ठिपका असलेले मासे. पायांच्या बोटांना हलकेच टोचायचे. गुदगुल्या इतक्या व्हायच्या की हसू आवरायचं नाही. समोर कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा एक पक्षी जमिनीवर चालावं तसा चालत जाई. टिबुकली, इवलंसं पाणपाखरू, पाण्यात बुडी मारी, आणि ती कुठे वर येईल याची मी मनात पैज लावत असे. ती जवळजवळ दर वेळी मला हरवायची.

त्या ऊन उतरणीच्या वेळी मी तिथेच अभ्यास केला, असं मी म्हणते. पण खरं म्हणजे अर्धा वेळ मी पेंगत असे. पुस्तक मांडीवरून घसरे, चिंचेची पानं त्यात पडत, होळी जवळ आलेली म्हणून लांब कुठल्या तरी गल्लीतून नगाऱ्याचा आवाज येई आणि मध्येच थांबे. पाण्यावरून धुण्याचा साबण, चिखल आणि कमळ असा मिळून वास यायचा. मी त्या गुंगीत शिकलेलं फिजिक्स आजही विसरलेले नाही. जागेपणी पाठ केलेलं सगळं विसरले.

तिथे फूलबाई यायची. केवटांची, म्हणजे मासेमारांची बाई, तेव्हा पस्तिशीची असेल. गुडघाभर पाण्यात उभी राहून त्रिकोणी जाळं ढकलत न्यायची आणि वर उचलायची. त्यात जे येई ते कमरेच्या टोपलीत. तिने मला नावं शिकवली. पायाला टोचतात ती कोतरी. मिशा आणि काटा असतो तो टेंगना. गालाने चिखलात चालतो तो केवई. संध्याकाळी ती हे सगळं मिसळून पानांवर वाटे लावून विकायची आणि त्यावर तिचं घर चालायचं. आई पदर नाकाला लावून चार पायऱ्या वर बसलेली असायची. तिला ही नावं नको होती.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी फूलबाईने डब्यात डोकावलं. बराच वेळ पाहिलं. आमच्याकडे मोंगरी नावाचा एक मासा असतो, दिसायला असाच. पण तिने मान हलवली. "मोंगरी नोहय. ये हमर तरिया के नोहय, दाई." ही आमच्या तळ्यातली नव्हे, माई.

आई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "आज से हो गया ना. अच्छा है, उसको घर मिला." आणि डबा पाण्यात कलंडवला. दोन काळ्या रेषा तळाशी गेल्या. फूलबाईने जाळं उचललं आणि ती दुसऱ्या बाजूला गेली.

मी पास झाले. नुसती पास नाही, फिजिक्समध्ये वर्गात दुसरी आले. आईने पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच सांगितलं: मिशावाल्यांनी पार केलं पोट्टीला. मी सहा महिने घासलेली वही कपाटात तशीच पडून होती. तेव्हा थोडं लागलं मला. अजूनही लागतं, लपवण्यात अर्थ नाही. पण आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो मोडावा असं वाटेना. पुढे कितीतरी वर्षं ती शनिवारी पदराच्या टोकाला कणकेच्या गोळ्या बांधून तळ्यावर जायची. मासे पायरीशी यायचे, मोठे झालेले, एकमेकांच्या अंगावरून सरपटत. ती घरी येऊन सांगायची, "लेकरंबाळं झाली त्याईले."

मी शिकायला नागपूरला गेले. सुटीत आले की एकदा तरी तळ्यावर जायचे. पहिल्या सुटीत काही जाणवलं नाही. दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात पाय पाण्यात सोडून बसले, आणि बसूनच राहिले. पायाला कुणीच टोचलं नाही. मला वाटलं उन्हामुळे खोल गेले असतील. मग एका जुलैत बाबा सहज म्हणाले, यंदा बेडकांचा आवाज नाही आला, झोप छान लागते. आम्ही सगळे हसलो. बेडूक नाहीत म्हणून झोप लागते या गोष्टीवर आम्ही हसलो होतो, हे आठवलं की आता कसंसंच होतं.

टिबुकलीची पिल्लं मी स्वतः पाहिली. पट्ट्यापट्ट्यांची, अंगठ्याएवढी, आईच्या पाठीवर चढणारी. पाच होती. मी चिंचेखाली बसून पाहत होते. ऊन, स्तब्ध पाणी, डोळ्यांवर झापड. पाण्याचा एकदाच 'गुडुप' असा आवाज झाला. चार राहिली. टिबुकली गोल फिरली, ओरडली, बुडी मारून वर आली. पाण्याखाली एक काळी पाठ वळली आणि गेली. तिला मिशा होत्या का हे मला दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून मी स्वतःला समजावलं की कासव असेल. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले नाही.

फूलबाईच्या टोपलीतही फरक पडत गेला. आधी रुपेरी चमक कमी झाली, मग गेलीच. नंतर नंतर टोपलीत फक्त ते काळे, बुळबुळीत, हाताएवढे. गिऱ्हाईक नाक मुरडायचं. एकदा मी नमस्कार केला तर तिने पाहिलं न पाहिलंसं केलं. पुढच्या वर्षी ती तळ्यावर दिसलीच नाही.

आणि एका ओल्या सकाळी, लग्नानंतर मी माहेरी आले होते तेव्हा, त्यांतला एक मला रस्त्यावर भेटला. सगळी गल्ली पाण्याने भरलेली, आणि तो दोन पंखांवर अंग रेटत, डुलत डुलत, एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडे निघालेला. चालत. मी दूध आणायला निघाले होते, पिशवी हातात तशीच. आजही तापात वगैरे मला तो दिसतो. कुठे चाललाय ते मी विचारते आणि तो माझ्याकडे न बघता पुढे जातो.

त्याचं खरं नाव मला नोकरीत कळलं. नवा रायपूरच्या एका ऑफिसात मी सरकारी सूचनांचे मसुदे तयार करते. एके दिवशी टेबलावर कागद आला, सोबत फोटो. काळा, चपट्या डोक्याचा, मिशावाला. मूळचा आफ्रिकेतला, माणसांनी देशोदेशी नेलेला. आपल्याकडे थाई मांगूर म्हणतात. तो अंडी खातो, पिल्लं खातो, बेडूक खातो, दुसरा मासा शिल्लक ठेवत नाही. पाळू नये, विकू नये, पाण्यात सोडू नये. ते तिन्ही 'नये' मी माझ्या हाताने टाइप केले. चौथी ओळ मनात आपोआप आली, जोडीने तर मुळीच सोडू नये. मग मी उठून बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

आमच्या सात जोड्यांनीच हे सगळं केलं का? तो उपाय करणारे आणखी पुष्कळ होते. कदाचित कुणी दुसऱ्याने आधी सोडले असतील, कदाचित आमचे पहिल्या उन्हाळ्यात कुणी पकडून खाल्लेही असतील. ही पळवाट मी अनेकदा वापरली आहे. ती दोन-चार दिवस पुरते, जास्त नाही.

आईला मात्र मी सांगितलं नाही. तिने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही केलेलं नाही. हौस नाही, प्रवास नाही. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच मोठं कृत्य होतं: चौदा जीव वाचवले आणि मुलीचं भलं केलं. ते तिच्या हातातून काढून घ्यायचं म्हणजे माझ्या जिवावर येत होतं.

पण आता शनिवार तोंडावर आला होता. शिवाय दुसरीही गोष्ट होती. तळ्याकाठच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी मिळून ठरवलं होतं की याच आठवड्यात तळं पंप लावून पूर्ण उपसायचं, हे सगळे मासे काढून टाकायचे, आणि पाऊस पडल्यावर खेड्यातल्या तळ्यातून आपले मासे आणून सोडायचे. आईच्या कानावर ते गेलं तर ती उरलेले मिशावाले वाचवायला डबा घेऊन निघेल आणि दुसऱ्या कुठल्यातरी तळ्यात सोडेल, याची मला खात्री होती. त्या दुसऱ्या तळ्यात अजून कुणाच्या तरी पायांना मासे टोचत असतील.

रेवा आंघोळीला गेलेली पाहून मी बोलायला बसले. फार वाईट बोलले. कागदात लिहितात तसंच बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग मी का पाप केलं म्हणते तू?"

"तसं नाई आई. पण ते मासे इथले नव्हते."

"म्या का त्याईचा गाव पुसला होता? जीव होता, मरून राहिला होता, सोडला." तिचा आवाज चढला. "अन् इथले नव्हते म्हणजे का? आपण तरी कुठले? माहे सासरे वर्ध्याहून आले. आपल्याले कोणी पंप लावून काढलं?"

आपण आलो, पण कुणाची पिल्लं नाही खाल्ली, असं ओठांवर आलं होतं. पण मी रोज ज्या ऑफिसात बसते, त्याच्या जागी कुणाची शेतं होती आणि कुणाचा तरिया होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते ओठांवरच राहिलं. माशाचा दोष नाही, हे तर खरंच. त्याला भूक होती आणि ओटीत सगळं तळं मिळालं होतं. तो बिचारा दुसरं काय करणार होता? पण टिबुकलीनेही काही केलं नव्हतं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून कितीदा पाहिल्या आहेत. त्या एकमेकींना खोडत नाहीत, नुसत्याच शेजारी बसून राहतात.

आई त्या दिवशी अर्धंच जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मले तिथं ने."

आम्ही पोचलो तेव्हा पाणी जवळपास गेलं होतं. इतक्या वर्षांचं तळं उघडं पडून काळं चकाकत होतं. मी त्याचा तळ कधी पाहिला नव्हता. मध्यभागी उरलेल्या डबक्यात चिखल उकळावा तसा हलत होता. नीट पाहिलं की कळायचं, तो चिखल नाही. दंडाएवढे, मांडीएवढे, एकावर एक. दहा-बारा माणसं टोपल्या भरून काठावर आणत होती. तिथे खड्डा खणलेला होता आणि शेजारी चुन्याची पोती.

कुणीतरी आईला प्लास्टिकची खुर्ची दिली. समोर, टोपल्या जिथे ओतत होते तिथे, पांढऱ्या केसांची एक बाई उकिडवी बसून मासे निवडत होती. मी ओळखलं. फूलबाई आता एका इमारतीत फरशी पुसते. तिच्याशिवाय नीट ओळखणारं कुणी नाही म्हणून तिला बोलावून आणलं होतं. तिचा हात झरझर चालत होता. "नोहय. नोहय. नोहय." क्वचित मध्येच हात थांबे, आणि एखादा बोटभर केवई ती बाजूच्या मडक्यात टाकी. "ये हमर." मडक्यात आठ-दहा असतील. एवढ्या मोठ्या तळ्यात तेवढेच उरले होते.

आईने तिला हाक मारली. फूलबाई उठून हात पुसत आली.

"तुमको मालूम था? मैंने छोड़े?" आईने विचारलं.

"हव."

"तो बोली काहून नाही?"

फूलबाईने तंबाखू बाजूला थुंकला. "बेटी बर ढीले रहेव, दाई. का कहितेंव?" मुलीसाठी सोडत होता, मी काय बोलणार होते. मग थोड्या वेळाने, आईकडे न पाहता, "रिस तो अब्बड़ लागिस. मोर टुकनी सुक्खा होगे." राग तर फार आला होता, माझी टोपली कोरडी पडली. एवढं बोलून ती परत जाऊन बसली. त्यात आरोप नव्हता, आणि माफीही नव्हती. काय झालं ते तिने सांगितलं होतं.

आई खुर्चीवर ताठ बसून राहिली. ऊन चढलं, चिंचेची सावली सरकली, मी दोनदा निघायचं का विचारलं. तिने मान हलवली. एक मोठा मासा टोपलीतून निसटला आणि पंखांवर रेटत पायरीच्या दिशेने यायला लागला. पाणी तिकडेच असेल असं त्याला वाटलं असावं. आईचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे गेला. टोक रिकामं होतं. एका माणसाने माशाला दोन्ही हातांनी उचलून नेलं. शेवटची टोपली खड्ड्यात जाईपर्यंत आई तिथून उठली नाही.

गाडी पुरानी बस्तीतून बाहेर पडल्यावर आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तू आपल्या अभ्यासानं पास झाली होती. माशाईनं नाई."

हे ऐकायला मी अर्धं आयुष्य थांबले होते. पण ते असं, या किमतीला मिळेल, हे ठाऊक असतं तर मी कधी त्याची इच्छा केली नसती. पुढचा सिग्नल मला अंधुक दिसत होता.

घरी आलो. मी दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत ये ना."

"शिवू नको मले. बाथरूमचं दार उघड अन् बाजूले हो. डोक्यावरून पानी घेतो आधी."

"आई, तू त खुर्चीवर बसून होती. चिखलाचा थेंब नाई उडाला अंगावर."

"चिखलाचं नाई म्हणत मी." तिने भिंतीला हात न लावता, दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत आत येऊन चपला काढल्या. "माहे होते ते. मी आणले, मी वाढवले, आज माह्यासमोर मातीत गेले. घरचं कोणी गेल्यावर करत नाई का आंघोळ?"

रेवा पुस्तक छातीशी धरून खोलीच्या दारात उभी होती. तिने भिंतीला टेकून वाट दिली. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तांब्यामागून तांब्या, बराच वेळ. मी चपलांपाशी तशीच उभी राहिले, कशालाही हात न लावता. ते मासे तिचे होते, हे खरं. पण प्रत्येक शनिवारी डबा पाण्यात कलंडवताना तिने नाव माझं घेतलं होतं.

ती ओल्या केसांनी बाहेर आली. तिच्यानंतर मी आत गेले.